गुलाबी डोळ्यांचे, काळ्या डोळ्यांचे

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून बपेरा हे गाव आहे. सगळा धानाचा मुलूख. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात. उंदीर, टोळ, गवतातले लहान पक्षी उघडे पडतात आणि त्यांच्या मागावर आकड्यासारख्या चोचीचे पक्षी आकाशात दिसू लागतात. अशा वेळी धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, वर काय उडतंय? बहुतेकदा उत्तर मिळेल, 'घार'. थोडा जाणकार असला तर म्हणेल, 'ससाणा'. या दोन शब्दांत आपण कितीतरी जातींचे शिकारी पक्षी कोंबून ठेवले आहेत.

पूर्वी असं नव्हतं. हातावर पक्षी बसवून शिकार करायची कला आपल्या देशात शेकडो वर्षं नांदली. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या शिकारी पक्ष्यांची तपशिलानं नोंद केली आहे. जहांगीर तर पक्ष्यांचा वेडाच. 1619 साली इराणच्या शहाकडून आलेला एक देखणा ससाणा दगावला, तेव्हा त्याचं रूप निदान कागदावर तरी राहावं म्हणून त्यानं उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. पण बादशहा नुसता हौस करणार. पक्षी पकडायचा, रात्र रात्र जागून त्याला माणसाळवायचं, त्याचं दुखणंखुपणं बघायचं, हे सारं बाजदाराचं काम. पक्षी ओळखण्यात चूक झाली तर त्याची भाकरी जायची.

म्हणून बाजदारांच्या बोलीत एकाच जातीच्या नराला आणि मादीला वेगवेगळी नावं होती. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी आणि ताकदवान असते. तिची शिकार वेगळी, त्याची वेगळी. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. शिकरा ही मादी, नर चिपक. लग्गड मादी, झग्गड नर. तुरमती मादी, तिचा नर चेतवा. इंग्रज अभ्यासकांनी ही नावं उचलली खरी, पण त्यात गंमत झाली. लग्गडाला इंग्रजीत मादीचं नाव मिळालं आणि शास्त्रीय नावात 'जुगर' म्हणून नराचं जाऊन बसलं. तुरमतीच्या शास्त्रीय नावात तर 'चिकेरा' आहे, म्हणजे आपला शिकराच! एकाचं नाव दुसऱ्याच्या माथी बसलं.

आमच्या घरात उर्दू मिसळलेली हिंदी बोलली जाते आणि मी कविता करतो मराठीत. त्यामुळे अशा शब्दांपाशी मी जरा जास्तच रेंगाळतो. आता आपला 'बहिरी ससाणा' घ्या. मराठी कानाला वाटतं, हा बिचारा ऐकू न येणारा पक्षी. पण त्याच्या कानांचा इथे काही संबंध नाही. अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र. बहरी म्हणजे दर्यावरचा. गझलेच्या वृत्ताला आम्ही 'बहर' म्हणतो, तोही मूळचा हाच शब्द. अरबी शब्द फारसीतून आला आणि मराठीत येऊन 'ससाण्या'शेजारी बसला. इतका रुळला, की तो परका आहे हे आज सांगावं लागतं.

पण बाजदारांची खरी विद्या त्यांच्या वर्गवारीत दिसते. ते सगळ्या शिकारी पाखरांचे दोन भाग करायचे. एक 'गुलाबचश्म', म्हणजे पिवळसर-गुलाबी डोळ्यांचे. दुसरे 'सियाहचश्म', काळ्या डोळ्यांचे. बाज आणि शिकरा पहिल्या घरचे. बहिरी, लग्गड, तुरमती दुसऱ्या घरच्या. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाचा 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ आहे. हरप्रसाद शास्त्रींनी तो 1910 साली कलकत्त्याहून छापून आणला. त्यातही हेच दोन वर्ग आहेत : पाटलाक्ष आणि कृष्णाक्ष. पाटल म्हणजे गुलाबी. फारसी बोलणारा बाजदार आणि संस्कृत लिहिणारा राजा, दोघांनी पक्ष्याच्या डोळ्यात डोळा घालून एकच गोष्ट पाहिली होती.

पुढच्या काळातल्या पुस्तकांनी मात्र चोच आणि नखं पाहून या सगळ्यांना एकाच गणात बसवलं. मग 2008 साली पक्ष्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक चकित झाले. काळ्या डोळ्यांचे ससाणे हे बाज-शिकऱ्याचे भाऊबंद नव्हेतच. ते पोपट आणि चिमण्यांच्या कुळाला अधिक जवळचे! चोच सारखी झाली ती धंदा एक असल्यामुळे. बाजदारानं जनुक पाहिलं नव्हतं, त्यानं डोळा पाहिला होता. त्यानं केलेली वाटणी बरोबर होती.

ही जुनी विद्या बपेऱ्याच्या शिवारात आजही उपयोगी पडते. तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर कावळ्याहून लहान, पांढरा-राखी पक्षी बसलेला दिसला आणि त्याच्या खांद्यावर काळा डाग असला, तर ती कापशी. डोळे लालभडक. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय सोडून हळूहळू खाली उतरते. हिवाळ्यात येणारी खरूचीही तशीच हवेत थांबते. पण तिचा रंग विटकरी, डोळा काळा. शिकरा कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आखूड गोल पंख. चार-दोन वेळा पंख मारतो आणि तरंगत जातो. आंब्या-मोहाच्या फांदीआडून झडप घालतो. टिसा खांबावर सुस्त बसतो, त्याचा डोळा चक्क पांढरा. घारीचे डोळे तपकिरी, पण तिची शेपटी दुभंगलेली, त्यामुळे घोटाळा नको. खरा घोटाळा करतो तो पावशा. 'पेरते व्हा' म्हणत पावसाची वर्दी देणारा हा पक्षी अंगानं अगदी शिकऱ्यासारखा. लहान पाखरंही त्याला फसतात. चोच पाहावी, पावशाची चोच आकड्यासारखी नसते.

राजेरजवाडे गेले, बंदुका आल्या आणि बाजदारांचं काम संपलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे पक्षी धरायला बंदी आली. ती योग्यच होती. पक्ष्याची जागा आकाशात. मात्र बाजदारांबरोबर त्यांची नावंही गेली. जेर्डन या इंग्रज लष्करी डॉक्टरानं 1862 पासून निघालेल्या आपल्या ग्रंथात ती लिहून ठेवली म्हणून निदान कागदावर उरली. मराठीपुरतं हे काम मारुती चितमपल्लींनी केलं. जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या नवेगावबांधला वनाधिकारी असताना ते गावकऱ्यांकडून पाखरांची नावं गोळा करत राहिले आणि त्यातून 'पक्षिकोश' उभा राहिला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यासारखं गावोगाव बसून ऐकणारं आता कोण आहे?

नाव विसरल्यानं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं : अंगणातलं कोंबडीचं पिल्लू शिकरा नेतो आणि दगड बसतो कापशीला. ती तर धानातले उंदीर खाते. ती शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. दोघांना एकच नाव दिलं की दोघांच्या माथी एकच गुन्हा येतो. हे पाखरांपुरतंच खरं आहे असं नाही. ज्यांना आपण नीट ओळखत नाही, त्या सगळ्यांना आपण एकाच नावानं हाक मारतो, आणि मग दगड उचलायला वेळ लागत नाही.

तेव्हा बांधीवरून जाताना वर सावली हलली, तर क्षणभर थांबा. चोच सगळ्यांची सारखीच. डोळा बघा.