हवानाच्या सिगारची पारख: कारखान्यातील कसोटीपासून शंभर गुणांपर्यंत

हाताने वळलेल्या उत्तम सिगारची पारख आज सधन शौकिनांच्या छंदांत मोडते, आणि तिच्याभोवती वाइनच्या धर्तीवर चव, गंध आणि गुणांकन यांची एक भाषाही तयार झाली आहे. ही भाषा मात्र फार अलीकडची आहे. क्यूबाची राजधानी हवाना येथे एकोणिसाव्या शतकात जी पारख आकाराला आली, ती नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांच्या जगातली होती. पान चाचपणारे, जुड्या तोलणारे आणि रंग निवडणारे अशा अनेकांत ती विभागलेली होती, आणि प्रत्यक्ष पेटवून चव घेणे ही तिची शेवटची, किंबहुना सर्वांत छोटी पायरी होती. शिवाय तिचा मूळ प्रश्नही वेगळा होता. आजचा शौकीन सिगार किती चांगली आहे असे विचारतो, तर कारखान्यातील पारखी ती आपल्या नावाला जागते की नाही, एवढेच पाहत असे.

तंबाखूच्या पानांची गुंडाळी पेटवून तिचा धूर ओढण्याची रीत युरोपीयांना प्रथम आढळली ती १४९२ च्या नोव्हेंबरात, कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात पाठवलेल्या रोद्रिगो दे हेरेस आणि लुइस दे तोरेस या दोघांच्या निमित्ताने. ती रीत तेथील ताइनो लोकांची होती. पुढे हे पान स्पेनच्या खजिन्याचे साधन बनले. स्पेनच्या राजाने १७१७ मध्ये क्यूबातील तंबाखूच्या खरेदीचा मक्ता स्वतःकडे घेतला, तेव्हा तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १७१७ ते १७२३ या काळात तीनदा उठाव केले आणि शेवटच्या उठावानंतर त्यांच्यापैकी काहींना देहदंड झाला. पान मोठ्या प्रमाणावर सेव्हिलला जाई, आणि तेथील सरकारी कारखान्यात, ज्याच्या भव्य इमारतीत आता विद्यापीठ भरते, त्याची आधी तपकीर आणि पुढे सिगार होई. घेणारा एकच असला की मालाच्या प्रतीविषयी शब्दही त्याचाच चालतो. त्यामुळे पारख हा स्वतंत्र धंदा होण्याला या व्यवस्थेत फारसा वाव नव्हता.

सातव्या फर्दिनांदने २३ जून १८१७ रोजी हा मक्ता रद्द करून क्यूबातील तंबाखूची शेती, कारखानदारी आणि व्यापार खुला केला, आणि चित्र पालटले. नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधील युद्धावरून परतलेल्या इंग्रज सैनिकांनी सिगारची सवय मायदेशी नेली होती, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होते. पोर लार्रान्यागा (१८३४), एच. उपमान (१८४४), पार्तागास (१८४५), ओयो दे मोंतेरेय (१८६५), रोमेओ इ हुलिएता (१८७५) अशी एकामागून एक नावे उभी राहिली. हजारो मैलांवरच्या गिऱ्हाइकाला पान दिसत नव्हते, त्याला फक्त नाव दिसत होते. म्हणून त्या नावाखालचा प्रत्येक नग मागच्यासारखाच निघावा ही कारखानदाराची गरज बनली. नावाला किंमत आली तशी नकलाही आल्या. पेटीवरची रंगीत चित्रे, सिगारभोवतीचे कागदी कडे आणि १९१२ च्या कायद्याने सक्तीची झालेली सरकारी हमीची पट्टी ही सारी त्या नकलांविरुद्धची तटबंदी होती. बाहेरून अशी तटबंदी उभारताना कारखान्याच्या आतही तितकीच कडक तपासणी उभी राहिली, आणि या निबंधाचा विषय तीच आहे.

ही तपासणी पानापासून सुरू होते. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता आबाहो हा टापू सर्वोत्तम पानासाठी प्रसिद्ध आहे. सिगारचे तीन भाग असतात: सर्वांत आत भरण, त्याला आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि बाहेरून दिसणारे वेष्टन. वेष्टनाची झाडे पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, जेणेकरून पान मोठे, तलम आणि एकसारख्या रंगाचे व्हावे. भरणाची झाडे उघड्या उन्हात असतात. एकाच झाडावर उंचीप्रमाणे पानाचा गुण बदलतो. खालच्या ‘व्होलादो’ पानाला चव कमी पण ते चांगले जळते, मधले ‘सेको’ सुगंध देते, आणि वरचे, ऊन खाऊन जाड झालेले ‘लिहेरो’ तिखट व सावकाश जळणारे असते, म्हणून ते नेहमी भरणाच्या मध्यभागी ठेवतात. पाने लाकडी माचांवर सुकवल्यानंतर त्यांच्या थप्प्या लावून ती आंबवली जातात. थप्पीच्या पोटात उष्णता चढते, पानातला अमोनिया निघून जातो आणि कडवटपणा उतरतो. थप्पी वेळेवर फोडून उलटी लावली नाही तर पान करपते. सिगार जिभेवर कशी उतरेल याचा पुष्कळसा निकाल या वखारीतच लागलेला असतो, आणि तो देणाऱ्या माणसाजवळ उष्णता व वास ओळखणारा हात आणि नाक यांपलीकडे दीर्घकाळ फारसे साधन नव्हते.

कारखान्यातील वळणाऱ्यांचे दालन म्हणजे ‘गालेरा’, आणि वळणारा कारागीर म्हणजे ‘तोर्सेदोर’. त्याची अवजारे थोडी आहेत: एक फळी, ‘चावेता’ नावाचे बिनमुठीचे चपटे पाते, टोक छाटण्याचे यंत्र आणि वनस्पतीजन्य डिंकाची वाटी. भरणाची पाने तो लांबीनुसार घडी घालून मुठीत घेतो, जेणेकरून घड्यांमधून हवेला वाट राहील. इथे बोट जरा जास्त दाबले तर सिगार दाटते आणि ओढताना धूर येत नाही, दाब कमी पडला तर ती भराभर जळून गरम, तिखट होते. सिगारच्या ठरीव आकाराला ‘वितोला’ म्हणतात आणि तिची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. उदाहरणार्थ, विन्स्टन चर्चिल यांच्या नावाने ओळखला जाणारा आकार १७८ मिलिमीटर लांब आणि ४७ जाडीचा असतो, म्हणजे त्याचा व्यास पाऊण इंचाला थोडा कमी भरतो. वळलेल्या पन्नास सिगारींची फितीने बांधलेली जुडी तपासनिसाकडे जाते. तो आधी तिचे वजन करतो, कारण वजन ठरल्यापेक्षा चढले वा उतरले म्हणजे भरण चुकले, मग छिद्रांच्या मापपट्टीतून जाडी पाहतो, आणि शेवटी एकेक नग बोटांत फिरवत गाठ किंवा पोकळी चाचपतो. नापास नगाची मजुरी वळणाऱ्याच्या पदरी पडत नसे, म्हणून या मेजावरचा प्रत्येक निर्णय पोटाशी जोडलेला होता. ‘पारख’ या शब्दाला आज चिकटलेला निवांतपणा तेथे औषधालाही नव्हता.

याच दालनातील एका प्रथेचा उल्लेख थोडे विषयांतर पत्करूनही करावा लागतो. वळण्याच्या कामात डोळे आणि हात गुंतलेले, पण कान मोकळे असतात. म्हणून १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांना वाचून दाखवण्यासाठी वाचक नेमण्याची रीत सुरू झाली, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देऊ लागले. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या आणि राजकीय लेख ऐकणारा हा वर्ग सत्तेला धोकादायक वाटल्यामुळे लगेच पुढच्याच वर्षी वाचनावर बंदी आली, पण प्रथा पुन्हा रुजली आणि टिकली. मोंतेक्रिस्तो हे १९३५ चे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, ती कादंबरी वळणाऱ्यांची आवडती होती असे सांगतात.

तपासणीतून उतरलेल्या सिगार थंड खोलीत देवदाराच्या कपाटांत काही आठवडे ठेवल्या जातात, कारण वळताना ओलसर केलेल्या पानातला जास्तीचा ओलावा निघून जावा लागतो. त्यानंतर येतो रंग निवडणारा, ‘एस्कोहेदोर’, आणि या सर्व साखळीतील सर्वांत विलक्षण कौशल्य बहुधा त्याचेच म्हणावे लागेल. एकाच वितोलाच्या शेकडो सिगार मोठ्या मेजावर पसरून तो त्यांची रंगाप्रमाणे वाटणी करतो. ढोबळ नावे थोडीच आहेत, फिकट बदामी ‘क्लारो’, तांबूस ‘कोलोरादो’, गडद तपकिरी ‘मादुरो’ अशी; पण मुरलेली नजर साठाहून अधिक छटा वेगळ्या काढते. एका पेटीत एकाच छटेचे नग भरायचे, आणि त्या छटेतही डावीकडून उजवीकडे गडदाकडून फिकटाकडे सूक्ष्म उतार ठेवायचा, असा दंडक आहे. प्रत्येक सिगारची सर्वांत देखणी बाजू वर येईल अशी ती ठेवली जाते, आणि पुढे कागदी कडे चढवणारी कामगार स्त्री नग उचलताना तो क्रम आणि ती बाजू मोडू देत नाही. या रंगवारीचा चवीशी संबंध अगदी दूरचा आहे, कारण चवीचा मोठा वाटा भरणाचा असतो. तरीही पेटी उघडताच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो याच एकसारखेपणावर, आणि कारखानदारांनी हे फार लवकर ओळखले होते.

चव पाहणारा ‘कातादोर’ यानंतर येतो. रोजच्या उत्पादनातून काही नग काढून ते पारख्यांच्या छोट्या गटापुढे ठेवले जातात. हे काम सकाळी, जीभ ताजी असताना चालते. प्रत्येक सिगारचा फक्त पहिला इंचभर भाग ओढतात, आणि दोन नगांच्या मध्ये बिनसाखरेच्या चहाचा घोट घेऊन तोंड स्वच्छ करतात. ओढ मोकळी आहे की दाटलेली, जळण एका बाजूला सरकते की सरळ रेषेत उतरते, सुगंध, चव आणि तिखटपणा किती, अशा ठरावीक रकान्यांत मत नोंदवले जाते. हा पारखी सौम्य नावाखाली आलेली, पण रुचकर आणि तिखट सिगार निःसंकोच नापास करतो. ती चांगली आहे हे त्याला पटलेले असले तरी ती दुसऱ्याच कोणाच्या कड्याला शोभणारी आहे.

धूर फुफ्फुसात न घेता तोंडातच घोळवून अशी चव घेता येते याला रसायनाचा आधार आहे. सिगारचे पान हवेत सुकवलेले आणि आंबवलेले असल्यामुळे त्याचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. सिगारेटच्या धुराची प्रकृती आम्लाकडे झुकत असल्याने तो आत ओढावा लागतो. तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाशी सिगारचा जो संबंध सिद्ध झाला आहे, त्यामागेही तोंडात घोळणारा हाच धूर आहे.

ओढणाऱ्यांनी आपल्या परीने ज्या कसोट्या बनवल्या, त्यांत राखेला मोठा मान मिळाला. अखंड लांब पानांच्या भरणाची राख घट्ट आणि लांब टिकते, तुकड्यांच्या भरणाची ती विस्कटून गळते, एवढा या कसोटीत अर्थ आहे. राख जितकी पांढरी तितकी सिगार उत्तम, ही समजूत मात्र फार ताणलेली आहे, कारण राखेचा रंग मुख्यतः जमिनीतील क्षारांवर अवलंबून असतो. राखेचे हे आकर्षण साहित्यातही उतरले. कॉनन डॉईल यांनी १८८७ च्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत गुन्हेगाराची सिगार नुसत्या राखेवरून तिरुचिरापल्लीची ठरवली आहे. मराठीत ज्याला चिरूट म्हणतात, त्या तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुल भागातल्या मालाची ओळख लंडनच्या वाचकाला तेव्हा किती सहज होती, हे त्यावरून दिसते. फ्रेंच शौकिनांनी तर एका सिगारचे तीन भाग पाडून पहिल्याला गवत, दुसऱ्याला दिव्य आणि तिसऱ्याला शेणखत ठरवले. अतिशयोक्ती सोडली तर चव जळत्या टोकाबरोबर बदलत जाते ही त्यातली नोंद खरी आहे, आणि इंचभरच ओढणाऱ्या कातादोरच्या कसोटीत ती बसत नाही.

क्यूबाच्या क्रांतीनंतर १९६० च्या सप्टेंबरात कारखाने सरकारजमा झाले आणि १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने व्यापारबंदी घातली. बंदीच्या हुकमावर सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपल्या प्रसिद्धी सचिवाकरवी उपमानच्या बाराशे सिगार मिळवल्या होत्या, हे त्या सचिवाने, पिअर सॅलिंजर यांनी, पुढे स्वतःच सांगितले. देश सोडलेल्या कारखानदारांनी क्यूबन जातीचे बियाणे आणि वळण्याची पद्धत डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास आणि निकाराग्वा येथे नेली, आणि काही जुनी नावे दोन-दोन देशांत निघू लागली. एकाच नावाच्या दोन सिगार समोर असताना ‘नावाला जागते का’ हा जुना प्रश्न निरुपयोगी ठरला. ती पोकळी भरली अमेरिकी मासिकांनी. वाइनविषयक मासिकाचे मालक मार्विन शँकेन यांनी १९९२ मध्ये ‘सिगार अफिसिओनादो’ सुरू केले आणि वाइनचीच शंभर गुणांची पट्टी सिगारला लावली. कडे काढून, ओळख लपवून ओढायचे, आणि कोको, चामडे, मिरी, ओली माती अशा उपमांत चव मांडायची, ही पद्धत तेथून जगभर गेली. ओळख लपवण्याचा आग्रह प्रशंसनीय आहे. मात्र हाताने वळलेल्या मालात नगानगाला फरक पडतो, अशा वेळी नव्वद आणि एक्याण्णव यांतील अंतर किती गंभीरपणे घ्यावे, हा प्रश्न उरतोच.

या गुणांनी मागणी भडकली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्यूबाने उत्पादन झपाट्याने वाढवले. नवशिक्या हातांनी वळलेल्या दाटलेल्या सिगारींच्या तक्रारी इतक्या वाढल्या की एकविसाव्या शतकाच्या आरंभी हवानाच्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली. वेष्टन चढवण्यापूर्वी भरण आणि बांधणी एवढाच गठ्ठा या यंत्रात बसवून त्यातून हवा किती सहज जाते हे पाहिले जाते, आणि नापास गठ्ठा महागडे वेष्टन वाया जाण्याआधीच बाजूला होतो. तपासनिसाची बोटे जे चाचपून ओळखत, त्याचा एक भाग असा काट्यावर आला. चवीची नोंद मात्र अजूनही कातादोरच्या रकान्यांतच होते.