आकुर्डी-निगडीचे बीजगणित आणि संगणकाचे गुणदान

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अभियांत्रिकी शिक्षण कारखान्यांच्या मागोमाग आले. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात टेल्कोचा वाहन-कारखाना आला, आणि त्यानंतर बऱ्याच काळाने 1984 मध्ये आज आकुर्डीत असलेले डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय व निगडीत 1999 मध्ये पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने तेथील विद्यार्थ्यांचे बीजगणित कसे तपासायचे हे विद्यापीठ ठरवीत असे.

लेखी उत्तरपत्रिकेत पायऱ्यांना गुण असतात. मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये, म्हणजे तिच्या लाक्षणिक समीकरणाची मुळे, काढताना पहिल्याच ओळीत चिन्ह चुकले तरी पुढची रीत बरोबर असेल तर परीक्षक तिचे गुण देतो. 2012 च्या अभ्यासक्रमाने ही प्रथा निम्म्यावर आणली: प्रथम वर्षाच्या विषयांचे 50 गुण लेखी परीक्षेला राहिले आणि उरलेले 50 दोन टप्प्यांतील ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षेला गेले. निकाल झटपट लागू लागला, तपासनिसाच्या लहरीची तक्रार उरली नाही. पण संगणक तपासत होता तो निवडलेला पर्याय, बीजगणित नव्हे. आयगेन मूल्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरील संख्यांच्या बेरजेइतकी आणि गुणाकार तिच्या निश्चयकाइतका असतो, एवढे ठाऊक असलेल्याला समीकरण न मांडताही बहुधा योग्य पर्याय सापडतो. ही हुशारी आहेच, मात्र जिची परीक्षा घ्यायची होती ती हुशारी ही नव्हे.

संगणकाला बीजगणित वाचताच येत नाही असे मात्र नव्हते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या मध्यावर ‘वेबवर्क’ तयार झाले, तर इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी 2004 मध्ये ‘स्टॅक’ उभे केले. या प्रणालींत विद्यार्थी स्वतःची राशी टंकलिखित करतो आणि ती अपेक्षित उत्तराशी समतुल्य आहे का हे यंत्र पाहते. बहुपदींच्या बाबतीत हे सोपे असते, कारण दोन्ही राशींची वजाबाकी शून्य येते की नाही एवढेच पाहायचे असते. पण त्रिकोणमितीय व घातांकी फलने आणि केवल मूल्य मिसळले की प्रत्येक राशीचा हमखास निवाडा करणारी कोणतीही रीत असू शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी 1968 मध्ये सिद्ध केले. म्हणून ‘वेबवर्क’ यादृच्छिक संख्या घालून दोन्ही राशींच्या किमती ताडून पाहते. शिवाय असा एकेक प्रश्न लिहिणे म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅमच लिहिणे. असंख्य संलग्न महाविद्यालयांची परीक्षा एकाच वेळी घेणाऱ्या विद्यापीठाला चार पर्याय स्वस्त पडतात, यात नवल नाही.

संगणक आणायचा तो नेमक्या कोणत्या कामासाठी, हा प्रश्न पुण्यापुरता नव्हता. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांना पडद्यावर तपासायला दिल्या. तेथे गुण माणूसच देत होता, तरी निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले.

पुण्यात 2019 च्या अभ्यासक्रमाने प्रथम वर्षाला 30 गुणांची सत्रांतर्गत आणि 70 गुणांची सत्रान्त अशी लेखी परीक्षा पुन्हा आणली. कोविडकाळातील ऑनलाइन परीक्षांचा अपवाद वगळता पायऱ्यांचे गुण परतले, आणि बीजगणितापुरता हा निर्णय योग्यच ठरतो. प्रवेशाच्या दारात मात्र उलटे घडले: त्याच 2019 मध्ये एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा कागदावरून संगणकावर गेली, आणि तिच्या गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण असतात, ते केवळ बरोबर पर्यायाला.