रुमालातील माणसे : दप्तरखाने, लहान संग्रहालये आणि खासगीपण

‘खासगी’ हा शब्द आज मराठीत व्यक्तीशी जोडला जातो. एखाद्याचे खासगी पत्र किंवा खासगी माहिती असे म्हणताना त्या व्यक्तीचा त्यावर काही अधिकार आहे, हे गृहीत असते. पेशवाईच्या कागदपत्रांत मात्र हा शब्द बहुधा एका खात्याचे नाव म्हणून येतो. दौलतीचा जमाखर्च आणि धन्याच्या घरचा जमाखर्च वेगळा ठेवण्याची जी रीत होती, तिच्यात घरच्या बाजूच्या व्यवहाराला, म्हणजे कोठी, जामदारखाना, दानधर्म आणि मंगलकार्ये यांच्या खर्चाला खासगी म्हणत, आणि तो व्यवहार सांभाळणाऱ्या घराण्याला खासगीवाले हेच आडनाव मिळाले. होळकरांच्या दौलतीतही राणीच्या अखत्यारीतील मिळकतीला खासगी म्हणत आणि अहिल्याबाईंच्या धर्मकार्यांचा खर्च तीतून चाले. खासगीची सीमा त्या काळी घराभोवती आखलेली होती, माणसाभोवती आखलेली नव्हती. आणि महाराष्ट्रातील जुने कागद ज्या लहान संस्थांनी व संग्रहालयांनी पुढे सांभाळले, त्यांच्याकडे कागदांबरोबर ही सीमाही वारशाने आली.

दप्तर म्हणजे एखाद्या कचेरीचा किंवा घराण्याचा साठवलेला कागदपत्रांचा संच, आणि रुमाल म्हणजे त्यातील कागद ज्या चौकोनी कापडात गाठ मारून बांधले जात ते कापड, व पुढे त्यावरून ते गाठोडेच. मोडी लिपीत लिहिलेल्या या कागदांत सनदा, ताळेबंद, राजकारणाची पत्रे यांच्या जोडीला कर्जरोखे, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, जन्मपत्रिका, आजारपणाची वर्तमाने, प्रायश्चित्ताचे निर्णय आणि महजर, म्हणजे गोतसभेपुढे चाललेल्या निवाड्याचे साक्षीपुराव्यासह लिहिलेले पत्र, असे सारे काही सापडते. कचेरी आणि घर यांच्यात भिंत नसल्यामुळे हे घडले. वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यात जे दप्तर राहिले, ते फडणिशीचे आणि फडणविसांच्या घरचे एकाच वेळी होते. गावचा कुलकर्णी गावाचा हिशेब आपल्या माजघरातच ठेवी, आणि देशमुख-देशपांडे परगण्याचे कागद पिढीजात वतनाचा भाग मानत. गावातील कोणाचे कर्ज किती, कोणाची सून माहेरी का गेली, कोणाच्या दत्तकाविषयी भाऊबंदांत तंटा आहे, हे ज्याच्या रुमालात लिहिलेले असे, त्याच्याकडे गावावरील एक प्रकारची सत्ताच असे.

कागद कोणाला दाखवायचा याचा काही नियम त्या काळी नव्हता, असे मात्र नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यांच्या वह्या हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. यात्रेकरू क्षेत्री आला की त्याचे नाव, गाव, कूळ, वाडवडिलांची व मुलाबाळांची नावे वहीत उतरवली जात आणि पुढच्या पिढीतील कोणी आला की गाव व आडनाव विचारून उपाध्ये त्याच्या पूर्वजांच्या हातचा लेख त्याच्यापुढे धरीत. वही उपाध्यांची आणि लेख कुळाचा, अशी ही वाटणी होती. पान उघडायचे ते त्या कुळातल्यासाठी, आणि आपण त्या कुळातले आहोत हे आलेल्याने सांगायचे. माहिती जमवणारा आणि माहितीचा धनी हे दोन वेगळे आहेत, ही आजच्या कायद्यांना प्रिय असलेली कल्पना या वह्यांत व्यवहाराने रुजलेली होती. अर्थात तेथेही धनी ठरले ते कूळ. त्यातील एकटी व्यक्ती धनी ठरली नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. नव्या सरकारला त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो इनामांच्या चौकशीसाठी. इनाम म्हणजे पूर्वीच्या सत्तेने पूर्णतः किंवा अंशतः करमाफ करून दिलेली जमीन वा उत्पन्न. दक्षिण मराठा मुलखात १८४० च्या दशकात सुरू झालेल्या चौकशीला १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनचे रूप आले. इनामदाराने पुढे केलेली सनद पेशवे दप्तरातील नोंदीशी ताडून पाहिली जाई आणि नोंद न मिळाल्यास इनाम धोक्यात येई. जे कागद घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी जपले होते, तेच घराण्याविरुद्ध पुरावा होऊ शकतात, हा धडा महाराष्ट्रातील वतनदारांनी त्या वर्षांत घेतला, आणि तो पुढच्या दोन-तीन पिढ्या विसरल्या नाहीत. या दप्तरासाठी पुण्यात जी कचेरी चालली, तिला एलिएनेशन ऑफिस, म्हणजे सारामाफ जमिनींची कचेरी, असे नाव होते. मराठ्यांच्या इतिहासाचे सर्वांत मोठे भांडार अनेक दशके महसुली कचेरीच्या नावाने ओळखले गेले, यातच त्या काळची दृष्टी दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आणि साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस हे इतिहाससंशोधक कागदांच्या शोधात जुन्या घराण्यांच्या दारी गेले, तेव्हा त्यांना जी भीती आडवी आली ती याच धड्यातून जन्मलेली होती. कागद दाखवला तर सरकारात बातमी जाईल, भाऊबंद वाटणीचा दावा लावतील, जुनी कर्जे उकरून निघतील किंवा घरातील एखादी झाकलेली गोष्ट छापून येईल, अशा शंका मालकांच्या मनात होत्या. राजवाडे यांना या शंकांची चीड येई, कारण न दाखवलेले कागद वाळवीच्या तोंडी, रद्दीच्या दुकानात किंवा नदीच्या पात्रात जाताना त्यांनी पाहिले होते. १८९८ मध्ये पहिला खंड निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेमागे ही तळमळ आहे. खरे यांची वाट निराळी होती. त्यांनी मिरजेत शिक्षकी करीत पटवर्धन घराण्याच्या दप्तरांवर वर्षानुवर्षे काम केले आणि ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. असे काम घराण्याचा विश्वास टिकल्याखेरीज पुढे सरकत नाही. इतिहाससंशोधनाच्या मराठी परंपरेत राजवाडे यांच्या भटकंतीचे कौतुक जितके झाले, तितके एका गावात राहून एका घराण्याचे मन सांभाळणाऱ्या या पद्धतीचे झाले नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

सरकारचे वर्तन मालकांपेक्षा फार वेगळे नव्हते. दप्तरात असंख्य घराण्यांच्या हक्कांचे पुरावे असल्याने ते खुले करण्यास मुंबई सरकार दीर्घकाळ नाखूश राहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या वजनदार व्यक्तीला किंवा निवडक उतारे काढणाऱ्या गणेश चिमणाजी वाड यांना जो प्रवेश मिळाला, तो सामान्य अभ्यासकाला मिळत नव्हता. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. त्यांत शाहू महाराजांच्या व पेशव्यांच्या खासगी जीवनाविषयी स्वतंत्र भाग आहेत, ही बाब लक्षणीय आहे. ज्या शब्दाने एकेकाळी घरचे खाते ओळखले जाई, तो आता वाचकासाठी खुल्या झालेल्या पुस्तकाचा विषय झाला, आणि इतका काळ लोटल्यावर त्याला कोणाची हरकत उरली नव्हती.

दरम्यान घरातील दप्तर आणि सरकारी दप्तरखाना यांच्यामध्ये एक तिसरी जागा तयार झाली होती. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पारसनिसांनी साताऱ्यात आपल्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय उभारले. १९२६ मध्ये राजवाडे निवर्तल्यानंतर धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले. अशा संस्थांत नाणी, चित्रे, शस्त्रे आणि ताम्रपट यांच्या शेजारीच घराण्यांचे रुमाल येऊन विसावले. अशा देवघेवीत बरेच काही शब्दावर चाले: अमुक रुमाल आमच्या हयातीत कोणाला दाखवू नका, अमुक पत्र छापताना नाव गाळा, अशा अटी तोंडी घातल्या की त्या घालणारा व पाळणारा यांच्याबरोबरच संपण्याचा धोका असतो. पारसनीसही १९२६ मध्येच गेले, आणि त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला, जेथे मराठा इतिहासाचे संग्रहालय त्यावर उभे आहे. असे स्थलांतर कागदांना वाचवते, यात शंका नाही. पण दात्याशी झालेले बोलणे गाडीत भरता येत नाही. म्हणूनच दाखल-नोंदवहीत, म्हणजे संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन तिची आवक नोंदवणाऱ्या वहीत, दात्याच्या नावाबरोबर त्याची अट लिहून ठेवण्याला मोल आहे.

येथवरची कथा मालकांची आहे, आणि तिच्यात एक मोठी पोकळी आहे. इनामदार नकार देऊ शकत होता, उपाध्ये वही मिटू शकत होता. पण कागदात ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्यांतील बहुसंख्यांना कोणी कधीच विचारले नाही. पेशवेकालीन हिशेबांत कुणबिणींच्या, म्हणजे दासी म्हणून ठेवलेल्या वा विकल्या गेलेल्या स्त्रियांच्या नोंदी नाव, वय आणि किंमत यांसह येतात. व्यभिचाराच्या आरोपावरून शिक्षा होऊन सरकारी कामाला लावलेल्या स्त्रियांची नावे निवाड्यांत येतात. जातीबाहेर टाकलेल्यांच्या कबुल्या येतात. त्यापुढच्या काळात सरकारी नोंदवह्यांनी हे काम अधिक पद्धतशीरपणे केले. १८७१ मध्ये प्रथम झालेल्या आणि १९११ मध्ये विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली संपूर्ण समाजांची नोंद झाली, माणसांच्या बोटांचे ठसे घेतले गेले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या काळची एखादी नोंदवही संग्रहालयाच्या हाती आली, तर तिचा दाता कोणी सेवानिवृत्त अंमलदाराचा नातू असू शकतो, त्याची परवानगी निर्वेध मिळू शकते, आणि तरीही ज्यांचे ठसे तीत आहेत त्यांच्या नातवंडांचा प्रश्न तसाच राहतो.

जुना कागद मृत असतो, हा समज महाराष्ट्राच्या ताज्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जनरल रजिस्टरे, गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, महसुली कागद यांतील मोडी ओळी पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या आणि मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने एका शब्दात लिहिलेली जात आज एखाद्या कुटुंबाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरवू शकते. तीच ओळ एखाद्या दुसऱ्या घराला नको असलेली ओळख उघड करू शकते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहायला बराच वेळ घेतला. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम सरकारी कागदांची व्यवस्था सांगतो, आणि त्याने व त्याखालील १९९७ च्या नियमांनी तीस वर्षांहून जुने, गोपनीय न ठरवलेले अभिलेख अभ्यासकांना खुले करण्याची चौकट दिली. लहान संस्थेतील घराण्यांचे रुमाल मात्र त्या चौकटीबाहेरच राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला आणि खासगीची सीमा प्रथमच निःसंदिग्धपणे व्यक्तीभोवती आखली गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने, ज्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले, ज्याच्याविषयी माहिती आहे तो आणि ती माहिती वापरणारा अशा दोन पक्षांची कर्तव्ये सांगितली. हा अधिनियम कागदाला लागू नाही, पण कागदाची डिजिटल प्रत काढली की लागू होतो. संशोधन आणि अभिलेखजतन यांना त्यात सवलत आहे, मात्र त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाता कामा नये आणि ठरवलेली मानके पाळली पाहिजेत, अशा अटीवर. रुमाल कपाटात असेपर्यंत मोडी लिपीच त्याचे कुलूप असे. त्याची प्रत आणि देवनागरी सूची संगणकावर आली की नाव टाइप करणारा कोणीही त्या घरात शिरू शकतो.

वाचकाचीही एक बाजू आहे, आणि ती पुण्याने फार महागात शिकली. डिसेंबर २००३ मध्ये, एका परदेशी ग्रंथकाराने वादग्रस्त ठरलेल्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात आभार मानले एवढ्या कारणावरून, शहरातील एका विद्वानाच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. कोणी कोणते पुस्तक वा हस्तलिखित पाहिले, कोणी कोणाला मदत केली, ही माहिती किती घातक ठरू शकते हे त्या दोन महिन्यांनी दाखवले. तरीही कितीतरी लहान संग्रहालयांत येणाऱ्याचे नाव, पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहिण्याची वही दाराशीच उघडी असते, आणि नंतर येणाऱ्याला आधीची पाने चाळण्यास कोणी हरकत घेत नाही.

अशा संस्थेकडे वकील नसतो, संगणकतज्ज्ञ नसतो; बहुधा एक ग्रंथपाल, एखादा मोडी जाणकार आणि कार्यवाह एवढ्यांवर ती चालते. त्यांना जमण्यासारखे काम आहे आणि ते जुन्या दप्तरी शिस्तीतलेच आहे. रुमालाला जोडलेल्या गोषवाऱ्यात, म्हणजे आतील कागदांच्या संक्षिप्त यादीत, कागद कोणाकडून आला याच्या शेजारी तो कोणाविषयी आहे हे लिहिणे, मागील शंभरेक वर्षांतील आजार, जात, दत्तक आणि फौजदारी यांविषयीची पत्रे वेगळ्या रुमालात बांधणे, सूची प्रसिद्ध करताना त्यांतील नावे आद्याक्षरांवर आणणे, आणि त्या कुळातले कोणी आले तर त्यांना मूळ पान दाखवणे. यातले शेवटचे काम नाशिकचे उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पहिले मात्र नवे आहे. कुणबिणीचे नाव धन्याच्या आडनावाखाली न लावता तिच्याच नावाने गोषवाऱ्यात लावायचे, तर त्यासाठी सारे रुमाल पुन्हा सोडून वाचावे लागतील.