उपवासाचा बटाटा

सख्यांनो, चाकणच्या बाजारातले कांद्या-बटाट्याचे ढीग बघून वाटतं, बटाटा इथलाच. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद हळूहळू इकडे आले. म्हणजे आपली उपवासाची खिचडी जवळजवळ सगळीच परदेशी, तरी देवाला चालते! जुना कांदा मात्र चातुर्मासात बंद.

कुण्या बाईनं ते पहिल्यांदा चुलीवर चढवलं असेल, तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडलीच असतील.

आमच्या गटात शिफ्टच्या डब्याला रोज बटाटाच असतो. बांधावरचा तांदुळजा ‘गावठी’ म्हणून मुलं ताटाच्या कडेला सारतात. परवा आम्ही तो मूगडाळ-लसूण घालून केला. पातेलं रिकामं झालं; दोघा-तिघांनी हातही लावला नाही. पुढच्या बैठकीला शेवग्याचा पाला करणार आहोत. येताना भाकरी आणा.