गुरांच्या दवाखान्यातले कुत्रे-मांजर

आपल्याकडे खेड्यात आजही कुत्रे आजारी पडले की त्याला 'गुरांच्या दवाखान्या'त नेतात. नाव गुरांचे आणि रोगी कुत्रे! यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण त्या नावात मोठा इतिहास दडलेला आहे. पशुवैद्यक जन्माला आले ते घोडा आणि गाय-बैल यांच्यासाठी. कुत्र्या-मांजराला त्याच्या उंबरठ्याशी पोचायला फार उशीर लागला.

परंपरा म्हणावी तर आपल्याकडे ती जुनीच. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे सांगतो. घोड्यांच्या वैद्यकाशी शालिहोत्राचे आणि हत्तींच्या वैद्यकाशी पालकाप्याचे नाव जोडलेले आहे. शालिहोत्रावरूनच घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणू लागले. हत्ती-घोडे ही राजाची दौलत आणि गाय-बैल ही शेतकऱ्याची. आपल्या दिवाळीचा आरंभदेखील वसुबारसेच्या गाय-वासराच्या पूजेने होतो. कुत्रा खंडोबाजवळ आहे, दत्ताच्या पायाशी तर चार-चार आहेत. पण त्याच्या पोटात दुखले तर धावून जावे असा वैद्य मात्र गावात नव्हता. दुखण्यावर औषध एकच : 'बघू चार दिवस!'

युरोपातही निराळे चित्र नव्हते. फ्रान्समधील ल्यों येथे क्लोद बूर्जेला याने पशुवैद्यकाची पहिली शाळा 1762 साली उघडली. कारण होते गुरांच्या साथी आणि घोड्यांचे आरोग्य. लंडनचे विद्यालय 1791 मध्ये निघाले, तेही प्रथम घोड्यांसाठीच. त्याच लंडनमध्ये डेलाबेर ब्लेन या गृहस्थाने 1817 साली केवळ कुत्र्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, हे त्या काळी नवलच होते.

मुंबईची कथा तर अधिक रंगतदार आहे. 1832 च्या जून महिन्यात सरकारी हुकमाने शहरातील मोकाट कुत्री मारली जाऊ लागली. दर कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारेकऱ्यांना ऊत आला. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान. पारशी मंडळी खवळली, दुकाने बंद झाली, दंगल उसळली. पुढे 1834 साली सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभा राहिला. मुक्या जनावराला आसरा मिळाला. पण आसरा म्हणजे उपचार नव्हे.

उपचारासाठी आणखी अर्धशतक जावे लागले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने, परळला जनावरांचे रुग्णालय निघाले. पाठोपाठ 1886 साली तेथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जॉन स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा : 1874 पासून ट्रामसुद्धा घोडे ओढीत होते, मालाची ने-आण बैलांच्या खांद्यावर होती. साहजिकच दवाखान्यातली गर्दी त्यांचीच. 1907 साली विजेची ट्राम आली, मागोमाग मोटारी आल्या. रस्त्यावरचा घोडा हळूहळू कमी होत गेला आणि डॉक्टरांच्या टेबलावर घरातले कुत्रे येऊन बसले. मांजर तर त्याच्याही मागून आले. 2024 साली मुंबईत महालक्ष्मीला केवळ लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले, तेव्हा या प्रवासाचे एक वर्तुळ पुरे झाले.

म्हणजे आजोबांच्या वेळी डॉक्टर निवडण्याचा प्रश्नच नव्हता. असेल तो गाठायचा. आज शहरात गल्लोगल्ली पाट्या दिसतात आणि निवड करणे भाग पडते. पाटीचा रंग पाहून ती करू नये. पहिली गोष्ट, नोंदणी. 1984 च्या कायद्याने पशुवैद्यकाला राज्याच्या परिषदेत नोंदणी सक्तीची झाली. तो क्रमांक विचारण्यात संकोच कसला? दुसरी गोष्ट, लस. पाश्चरने 1885 साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापासून वाचवले, तेव्हापासून हे शस्त्र आपल्या हाती आहे. मात्र लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली तरच तिचा उपयोग. वीज गेली तर काय सोय आहे, हे अवश्य विचारावे. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसली की मृत्यू जवळजवळ अटळच. तेव्हा कुत्र्याची लस ही घरातल्या मुलाबाळांचीही राखण आहे.

तिसरी गोष्ट, बसण्याची जागा. 1978 च्या सुमारास पार्व्हो नावाचा नवा विषाणू जगभरच्या कुत्र्यांत पसरला. पिल्लांना तो फार लवकर नेतो. जुलाब-ओकारीचे पिल्लू आणि लशीसाठी आलेले निरोगी पिल्लू एकाच बाकाखाली बसवणारा दवाखाना टाळलेला बरा. मांजराची बसण्याची सोय कुत्र्यांपासून दूर असेल तर उत्तमच. चौथी गोष्ट, मांजराची जाण. मांजर म्हणजे लहान कुत्रे नव्हे. माणसाला तापावर चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. जो डॉक्टर असे आपण होऊन सांगतो, दिलेले औषध कागदावर लिहून देतो आणि रात्री अडचण आली तर कुठे जायचे तेही सांगतो, तो आपला. मग तो सरकारी दवाखान्यात बसो की खाजगी. गुरांचा दवाखाना म्हणून नाक मुरडू नये. गावोगाव पशुवैद्यक पोचवले ते त्यानेच.

आणि ही निवड जनावर धडधाकट असतानाच करावी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कुत्रे गॅलरीतून उडी मारते, तेव्हा दवाखाना शोधायला सवड नसते. माणूस 'इथे दुखते' असे सांगू शकतो, आवडला नाही तर डॉक्टर बदलू शकतो. मुक्या जिवाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने ते आपणच करायचे असते. तेव्हा फराळाची तयारी सुरू होण्यापूर्वी एखाद्या सकाळी त्याला साखळी लावून दवाखान्यापर्यंत फेरी मारून आणावी आणि तेथील वेळा लिहून घेऊन कागद दाराआड चिकटवून ठेवावा.