सांगली-मिरजेत वर्षभरात काय बघायचं, काय ऐकायचं? चिंचेखालच्या मैफलीपासून रंगभूमी दिनापर्यंत

पुण्यातला 'सवाई' डिसेंबरात असतो, हे सांगायला कुणी लागत नाही. तिकिटं निघाली की स्टेटसवर फोटो झळकायला लागतात. पण ज्यांच्या नावाने तो महोत्सव भरतो, त्या सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या समाधीपाशीही दरवर्षी मैफल होते. तिला तिकीट नाही, पास नाही, पुढच्या रांगेची भांडणं नाहीत. ती होते मिरजेत.

मिरज आणि सांगली यांच्यात जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर. १९९८ पासून कुपवाडसह तिन्ही शहरांची महानगरपालिका एक झाली. तरी मिरजकराला सांगलीकर म्हटलं की तो लगेच दुरुस्ती करतो. ढोबळमानाने सांगायचं तर गाणं मिरजेचं आणि नाटक सांगलीचं. एका मुक्कामात दोन्ही पदरात पडतं, आणि खर्च मुख्यतः एसटीचा किंवा रेल्वेचा.

दर्ग्यातली मैफल

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसाची सुरुवात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होते. पहिला मान कुणाचा यावरून आपल्याकडे काय काय होतं हे माहीत असणाऱ्याने ही एक गोष्ट बघायला तरी उरुसाला जावं.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, म्हणून त्यांचं घराणं 'किराणा'. पण त्यांनी मिरजेत घर केलं. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, दर्ग्यात बसून गायले आणि बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत आजही सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत रेल्वेप्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनवर त्यांचं निधन झालं. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं.

त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरते. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. 'हजेरी' हा शब्द इथे नेमका आहे. कार्यक्रम करायला यायचं नाही, खाँसाहेबांपुढे गायला यायचं, ही त्यामागची भावना. एरवी मोठ्या सभागृहांत दिसणारे कलाकार इथे बाजूलाच उरुसाची गर्दी आणि दुकानांचा गलका चालू असताना गातात. ज्यांना पूर्ण शांतता आणि एसी लागतो त्यांची निराशा होईल. पण शास्त्रीय संगीत आधी कधीच ऐकलेलं नसेल, तर सुरुवातीला याहून चांगली जागा सापडणं कठीण. कधीही उठून गेलात तरी कुणी वळून बघत नाही.

तारखेची मात्र गडबड होते. उरूस हिजरी कालगणनेनुसार असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. अलीकडे तो हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास येत आला आहे. मागच्या वर्षीची पोस्ट कुणी पुन्हा शेअर केली असेल तर तिच्यावर विसंबून रेल्वेचं तिकीट काढू नका.

सतारमेकर गल्ली

मैफलीला गेलात तर दिवसा सतारमेकरांच्या गल्लीतही जा. हा कार्यक्रम नव्हे, रोजचं काम आहे. पण मिरजेत पाहण्यासारखं काही एकच निवडायचं झालं, तर बहुतेक हेच निवडावं लागेल.

इथली कारागीर घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, शस्त्रांचं काम आटलं आणि हे हात वाद्यांकडे वळले. सुरुवात वाद्यदुरुस्तीपासून झाली. या संदर्भात फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढे आडनावच 'सतारमेकर' पडलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. गाणारे दारात असल्यामुळे तंबोरा कसा बोलला पाहिजे हे कारागिरांना थेट ऐकायला मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. पंढरपूरच्या बाजूला खास वाद्यांसाठी तो पिकवतात. तो जाड सालीचा आणि कडू असतो, वेलावरच मोठा होऊ देतात आणि नंतर महिनोन्‌महिने वाळवतात. अवकाळी पाऊस झाला की तिथलं पीक जातं आणि त्याची झळ इथे बसते. मोठा, गोल आणि निर्दोष भोपळा मिळणं हीच पहिली अडचण. मग दांडी, नक्षी, पॉलिश आणि सगळ्यात शेवटी जवारी.

जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग असा घासायचा की तार तिला हलकेच चाटत राहील आणि सूर एकदम न संपता झंकारत राहील. त्याला माप नाही. कानस फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा काढायची. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवला तरी आवाज उघडतो किंवा मिटतो. हे काम कानाने शिकावं लागतं आणि त्यात वर्षं जातात.

खरी काळजी इथेच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. मिरजेच्या नावावर दुसरीकडचा माल खपवणं त्यामुळे अवघड होईल. पण जीआयमुळे गिऱ्हाईक वाढेलच असं नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, नंतर मोबाइलमध्ये तंबोऱ्याची ॲप आली आणि रियाजाला खरा तंबोरा लागतोच असं राहिलं नाही. लाकूडकाम आणि नक्षी एखादा पोरगा काही काळात उचलेल. जवारीसाठी दहा वर्षं कान तयार करत बसायला तो का थांबेल, याचं उत्तर टॅगमध्ये नाही.

५ नोव्हेंबरच का?

आता सांगली. ५ नोव्हेंबरला 'मराठी रंगभूमी दिना'च्या शुभेच्छा सगळीकडे फिरतात, पण ती तारीख सांगलीची आहे हे त्यात क्वचितच असतं. १८४२ मध्ये उत्तर कानडातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना मराठीत असं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' सांगलीच्या दरबारात झालं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय संपला. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. तिकीट काढून नाटक बघायची मराठी माणसाची सवय अशी अडचणीतून जन्मली. भाव्यांनी त्याआधी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

दरवर्षी या दिवशी सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात रंगकर्मींना 'विष्णुदास भावे गौरव पदक' देतात. सतीश आळेकर, प्रशांत दामले ही त्यातली अलीकडची नावं. सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणतात ते उगाच नाही. 'कीचकवध'वाले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे.

हरिपूरला श्रावणी सोमवारी संगमेश्वराची जत्रा असते. कृष्णा-वारणेचा संगम, देवलांचं गाव आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं, सगळं एका फेरीत होतं. फक्त त्या दिवसांत निघण्याआधी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघा. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पाणी चाळिशीकडे सरकत असेल तर जत्रा पुढच्या सोमवारी करा.

नवरात्र आणि गणपती

मिरजेच्या अंबाबाई मंदिरात नवरात्रात संगीत महोत्सव होतो. रोज संध्याकाळी जाता येतं आणि नऊ दिवसांत एखादा तरी कलाकार असा ऐकायला मिळतो ज्याचं नाव आधी ठाऊक नव्हतं. दर्ग्यात गाणारा इथेही गातो, यात मिरजेत कुणाला विशेष वाटत नाही.

सांगली संस्थानचा गणपती पाच दिवसांचा, तर मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि तिथल्या मोठमोठ्या स्वागत कमानी बघायला लोक मुद्दाम येतात. पण डीजे-ढोलांचा कंटाळा आला असेल तर तासगाव गाठा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या पटवर्धनांच्या गणपतीचा रथ निघतो. लाकडी, अनेक मजली रथ आणि तो ओढायला दोर धरलेली माणसं. इंजिन नाही.

जाण्यापूर्वी

यातल्या बहुतेक कार्यक्रमांची ऑनलाइन नोंदणी नसते. पत्रिका आठवडाभर आधी स्थानिक दैनिकांत, नाट्यगृहाच्या फलकावर किंवा थेट मंदिराच्या दारात लागते. सर्वात सोपं म्हणजे नाट्यगृहात फोन करणं. मिरज मोठं जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव तिन्हीकडून रेल्वे आहे.

सतारमेकर गल्लीत व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त जवारीचं काम चालू असेल तर बोलू नका. तो माणूस ऐकत असतो.