श्वास मोजणाऱ्या बायका

रडणाऱ्या बाळाकडे सगळं घर धावतं. रडायचं थांबलेलं बाळ मात्र 'गुणी आहे, निजलंय' म्हणून गोधडीतच राहतं. बालमृत्यूंचा इतिहास वाचताना मला ही शांतताच अधिक भेडसावते. जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ तापाने फणफणेलच असं नाही. कधी ते उलट गार पडतं, दूध ओढेनासं होतं, हातपाय सैल टाकतं, त्याचा आवाज क्षीण होतो. पुढचे काही तास मोलाचे असतात.

ही खूण ओळखण्याची विद्या खेड्यातल्या बायकांच्या हाती कशी आली, ती हकिकत आपल्या गडचिरोलीची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. जंगलातली गावं, दवाखाना दूर, पावसाळ्यात वाटा बंद. न्यूमोनियाने लेकरं दगावत. लोक त्याला 'डबा' म्हणत.

न्यूमोनियात श्वास जलद होतो. पण निरक्षर दाईने तो मोजायचा कसा? त्यासाठी एक साधं साधन केलं गेलं : मिनिटभराची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर औषध सुरू करायचं. मी कवी माणूस, बोटांवर मात्रा मोजण्यात आयुष्य गेलं. या बायकांनी दहा-दहाच्या हिशेबाने जीव मोजले.

नवजात बाळांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांना इस्पितळातच वाचवता येतं, असा समज होता. 1995 पासून 39 गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका घरोघर जाऊन बाळाला तपासू लागल्या. धोक्याच्या ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या, की आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने प्रतिजैविक देऊ लागल्या. उपचारांआधी अशा जंतुसंसर्गात शंभरातली सुमारे सतरा बाळं जात. नंतर तीनसुद्धा जाईनात. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. नवजात मृत्यूंत 62 टक्के घट झाली होती.

2011 मध्ये भारत सरकारने आशाताईंमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची देखभाल देशभर सुरू केली. इस्पितळात नेणं शक्यच नसेल, तर जवळच्या केंद्रात साध्या प्रतिजैविकांनी उपचार करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये सांगितलं.

शिक्षण कमी म्हणजे समज कमी, हा आपला जुना गैरसमज. गडचिरोलीच्या बायकांनी तो पुसला. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच सांगणं : दोन महिन्यांच्या आतलं बाळ पिईनासं झालं, गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, श्वास घेताना छाती आत ओढू लागलं, तर दृष्ट काढत बसू नका. घुटी देऊ नका. बाळाला छातीशी उबेत धरा आणि लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी.